माणूस हरवला की शोधाला कसं निघायचं: नागपुरातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

आपल्या शहरात कुणाचे आजोबा सकाळी फिरायला गेले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परतले नाहीत, की तासाभरात गल्लीतली पोरं गाड्या काढून दारात उभी राहतात. गणेश मंडळातली, क्रिकेटच्या टीममधली, शेजारच्या फ्लॅट स्कीममधली. मीही अशाच एका गर्दीतून या कामात आले. माणसं कमी पडत नाहीत. कमी पडते ती शिस्त. सगळे बर्डीकडच्या मोठ्या रस्त्याने दोन-दोन चकरा मारतात, प्रत्येक जण रडणाऱ्या सुनेला तेच प्रश्न नव्याने विचारतो, आणि घरामागच्या नाल्याच्या काठावर कुणीच उतरत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की तिथे दुसऱ्या कुणीतरी पाहिलं असेल.

पुढे लिहिलंय ते या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी. शोध पोलिसांचा असतो, जंगलात गेला तर वन विभागाचा, पाण्यात गेला तर अग्निशमन दलाचा किंवा एसडीआरएफचा, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचा. आपण त्यांच्या हाताखाली काम करतो. हे मान्य नसेल तर कृपया घरी थांबा. मोकाट फिरणारा उत्साही स्वयंसेवक खुणा पुसतो आणि रात्री त्याचाच शोध घ्यावा लागतो.

१. पोलिसांत नोंद आधी, आणि ती आत्ताच

"चोवीस तास थांबा, मग या" असा कुठलाही नियम कायद्यात नाही. तरीही हे वाक्य इतकं पसरलंय की घरचेच संध्याकाळपर्यंत थांबतात. थांबू नका, थांबू देऊ नका. ११२ वर फोन करा आणि कुणातरी एकाला जवळच्या पोलीस ठाण्यात पाठवा. हद्दीचा प्रश्न निघाला तर शांतपणे सांगा की नोंद इथे घ्या आणि नंतर वर्ग करा.

हरवलेली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर नुसती मिसिंगची नोंद पुरेशी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय की बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीत गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करीची शक्यता धरून तपास सुरू करायचा. मुलांसाठी १०९८ वरही कळवा. सज्ञान व्यक्तीची मिसिंगमध्ये नोंद होते. तिचा क्रमांक आणि तपास करणाऱ्या अंमलदाराचं नाव व फोन लिहून घ्या. पुढची प्रत्येक माहिती या एका माणसाकडे जायला हवी.

ठाण्यात जाताना घरच्यांनी हे सोबत न्यावं:

- अलीकडचा फोटो, शक्यतो नेहमीच्या कपड्यांतला. लग्नातला सूट-बूट घातलेला फोटो कामाचा नाही.
- आधार कार्डाची प्रत.
- मोबाइल नंबर आणि, असेल तर, हँडसेटचा आयएमईआय क्रमांक. तो खोक्यावर असतो.
- औषधांची चिठ्ठी आणि आजाराचे कागद.
- अंगावरच्या खुणा, चष्मा, काठी, कवळी, श्रवणयंत्र, दागिने, चपलेचा प्रकार आणि रंग.

चपलेकडे लोक दुर्लक्ष करतात. ओल्या पांदणीत उमटलेला ठसा कुणाचा, हे ठरवायला नेमकी तीच माहिती लागते. घरात त्याच मापाचा दुसरा जोड असेल तर त्याच्या तळव्याचा फोटो काढून ठेवा.

२. घरच्यांशी एकानेच बोलायचं

तुकडीतला एक शांत माणूस निवडा. शक्यतो बाई असावी, कारण घरात बोलणाऱ्या बहुतेक वेळा सून, मुलगी किंवा बायको असतात आणि पुरुषांच्या घोळक्यासमोर त्या मोकळेपणाने बोलत नाहीत. "काकू, आपण पाच मिनिटं आत बसू" म्हणून त्यांना बाजूला घ्या. बाकीच्यांनी अंगणात थांबायचं.

काय विचारायचं? शेवटचं कुणी, किती वाजता, कुठे पाहिलं. त्या वेळी अंगावर काय होतं. खिशात पैसे होते का. कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि त्या चुकल्या तर काय होतं. ऐकू कमी येतं का. कशाची भीती आहे: कुत्री, पोलिसांचा गणवेश, गर्दी, अंधार. पूर्वी असे निघून गेले होते का, आणि तेव्हा कुठे सापडले? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मागच्या वेळची जागा सगळ्यात आधी तपासायची.

म्हातारं माणूस असेल तर पूर्वीचं घर, जुनी नोकरी आणि माहेर विचारा. विस्मरणाच्या आजारात अलीकडचं पुसलं जातं आणि जुनं शिल्लक राहतं. एम्प्रेस मिलमध्ये उमेदीची वर्षं काढलेले काकाजी आज मानेवाड्यात मुलाकडे राहत असले, तरी त्यांचे पाय गांधीसागराच्या दिशेने वळू शकतात. मिल केव्हाच बंद पडली आणि त्या जागी मॉल उभा राहिला, हे त्यांच्या लेखी घडलेलंच नसतं. महालातला जुना वाडा, इतवारीतलं दुकान, अजनीचं रेल्वे क्वार्टर, असा प्रत्येक पत्ता लिहून घ्या.

घरात भांडण, निकालाची भीती, कर्ज, निराशेची बोलणी, एखादी चिठ्ठी असं काही असेल तर तेही हळुवारपणे विचारा. ही माहिती तपास अंमलदाराला लगेच द्या आणि ग्रुपवर एक अक्षरही टाकू नका. घरच्यांना आधाराची गरज वाटली तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो चोवीस तास चालू असतो.

पोलिसांचं श्वानपथक येणार असेल तर हरवलेल्या व्यक्तीची न धुतलेली बनियन किंवा उशीचा अभ्रा लागेल. घरच्यांना तो हाताळू देऊ नका. चिमट्याने किंवा स्वच्छ हातमोज्याने उचलून कागदी पिशवीत ठेवा आणि त्या खोलीत गर्दी करू नका.

३. घर पुन्हा शोधा

घरच्यांनी "सगळं पाहिलं" म्हटलं तरी परवानगी घेऊन घर पुन्हा तपासा. लहान मूल असेल तर दोनदा. दिवाणाच्या पेटीत, कपाटामागे, गच्चीवरच्या खोलीत, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत, सेप्टिक टँकच्या झाकणाशी, शेजाऱ्याच्या बंद घराच्या पडवीत. पार्किंगमधली प्रत्येक कार उघडायला लावा, डिक्कीसकट. उन्हाळ्यात बंद कारमध्ये अडकलेल्या मुलाकडे फार थोडी मिनिटं असतात. लहान मुलं रागावतील या भीतीने लपतात, लपल्या जागी झोपी जातात आणि हाका मारल्या तर आणखी गप्प बसतात.

मग घराभोवतीची शंभर-दोनशे मीटरची जागा, पायी. बांधकाम चालू असलेल्या इमारती, मोकळे प्लॉट, नाल्याची भिंत, मंदिराचा पार. हे होईपर्यंत कुणालाही फुटाळ्याला किंवा गोरेवाड्याला पळवू नका.

४. शहराबाहेर जाणाऱ्या वाटा धरा

घराभोवतीचा शोध चालू असतानाच दोन-दोन जणांच्या जोड्या बाहेर पडायच्या जागी पाठवा. त्यांचं काम एकच: ती व्यक्ती आपल्या नजरेआड जिल्ह्याबाहेर जाऊ नये.

नागपूर स्टेशनच्या दोन्ही बाजू, अजनी, इतवारी. तिथे रेल्वे पोलीस आणि आरपीएफला फोटो द्या, रेल्वेचा १३९ क्रमांकही आहे. मेट्रोचं सीताबर्डी स्टेशन, जिथे दोन्ही मार्गिका मिळतात. ऑटो स्टँड, आपली बसचे थांबे, आणि चौकातले पानठेले. पानठेलेवाल्याला आख्खा चौक ओळखतो आणि तोही आख्ख्या चौकाला ओळखतो. त्याला फोटो दाखवताना "यांना पाहिलं का" एवढंच विचारू नका, "सकाळी आठ ते दहा कोण दुकानावर होतं" हेही विचारा. बरेचदा सकाळी भाऊ बसतो आणि दुपारी तो.

गणेशपेठचं एसटी स्टँड लोक विसरतात, आणि याचा मला फार त्रास होतो. "त्यांच्या खिशात एक रुपया नाही, जातील कुठे?" असं घरचे म्हणतात. पण २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. खिशात आधार कार्ड असलेले आजोबा पैशाशिवाय काटोल, उमरेड, भंडारा, अगदी अमरावतीपर्यंत बसून जाऊ शकतात. वाहक आणि चौकशी खिडकीवरच्या माणसाला फोटो पाठवा, आणि घरच्यांनी सांगितलेल्या मूळ गावाच्या बसेस आधी विचारा. त्या गावच्या पोलीस पाटलाला आणि सरपंचाला एक फोन पुरतो.

कॅमेऱ्यांचं: चौकातले सरकारी कॅमेरे पोलीसच पाहतात. दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांसाठी मालकाला नम्रपणे विनंती करा, कारण जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. इथे एक बारीक गोष्ट आहे. डीव्हीआरच्या, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरचं घड्याळ बरेचदा चुकलेलं असतं, कधी दहा मिनिटं, कधी चक्क तासभर. पडद्यावर आत्ता दिसणारी वेळ आणि तुमच्या मोबाइलमधली वेळ शेजारी-शेजारी धरून एक फोटो काढा. मग "९.४० ला चौक ओलांडला" हे खरं किती वाजता घडलं ते कळतं, आणि पुढच्या दुकानात नेमकं कुठून पाहायचं तेही. व्यक्ती दिसली तर कोणत्या दिशेने गेली हे लिहा आणि त्याच दिशेचा पुढचा कॅमेरा गाठा. चित्रण स्वतःच्या फोनवर घेऊन फिरवू नका. मालकाला ते जपून ठेवायला सांगा आणि पोलिसांना कळवा.

५. कोण हरवलंय, त्यावर कुठे शोधायचं ते ठरतं

नव्या स्वयंसेवकाने एवढा एक भाग नीट वाचला तरी पुष्कळ आहे. सगळी माणसं सारखी हरवत नाहीत.

विस्मरणाचा आजार असलेली वृद्ध माणसं पायी निघाली असतील तर बहुधा फार लांब जात नाहीत. जगभरच्या शोधपथकांचा अनुभव असा की ती शेवटच्या ठिकाणापासून बरेचदा एक-दोन किलोमीटरच्या आतच सापडतात. ती चालत राहतात आणि कशाला तरी अडून थांबतात: तारेचं कुंपण, बाभळीचं झुडूप, नाल्याचा उतार, भिंत आणि उभ्या ट्रकमधली फट. आणि ती हाकेला ओ देत नाहीत. म्हणून रस्त्यावरून नाव पुकारत जाणं जवळपास निरुपयोगी आहे. झुडपात वाकून पाहावं लागतं. हाक मारायचीच तर घरातल्या लाडक्या किंवा लहानपणच्या नावाने मारा. "देशमुख साहेब" पेक्षा "बाळ्या" लवकर ओळखीचं वाटतं.

स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते, आणि अशा मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका बुडण्याचाच. मूल स्वमग्न आहे असं कळताच बाकी सगळं बाजूला ठेवून आसपासच्या प्रत्येक पाण्यावर एकेक माणूस उभा करा: तलाव, विहीर, कालवा, बंगल्याचा स्विमिंग पूल, बांधकामावरचा हौद, पाणी साचलेली गिट्टीची खदान. मग शोध. मूल दिसलं की धावत जाऊ नका, शिट्ट्या वाजवू नका. आईला बोलवा, आवडतं गाणं लावा, जमिनीवर बसा.

पाच-सहा वर्षांचं मूल कुत्र्याच्या पिल्लामागे, बँडच्या आवाजामागे जातं. शाळकरी पोरं मित्रांना ठाऊक असलेल्या जागी सापडतात, म्हणून मित्रांशी बोला, पण पालक आणि शिक्षक समोर नसताना. फोन घेऊन घर सोडलेली किशोरवयीन मुलं बहुतेक वेळा स्टेशनच्या दिशेने जातात. तिथे वेळ फार कमी असतो.

सज्ञान बाई किंवा पुरुष स्वतःच्या मर्जीने गेलेला असू शकतो. सापडलेली बाई "मला घरी जायचं नाही" म्हणाली तर तिचा ठावठिकाणा सासरच्यांना सांगायचा अधिकार आपल्याला नाही. फक्त पोलिसांना सांगा. हव्या असलेल्या मदतीसाठी तिला १८१ हा क्रमांक द्या. याबाबतीत मी कुणाशीही तडजोड करत नाही.

गर्दीतली हरवाहरवी वेगळी. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ताजबागच्या उरुसात, कोराडीच्या नवरात्रात ध्वनिक्षेपक आणि पोलीस मदत केंद्र हेच सर्वांत वेगवान साधन. आपण फक्त बाहेर पडायच्या दारांवर उभं राहायचं.

जिल्ह्याच्या कडेला आणखी एक प्रकार आहे. मार्च-एप्रिलात मोहफुलं आणि पुढे मेपर्यंत तेंदूपत्ता वेचायला पहाटे निघालेली माणसं, आणि गुरांमागे गेलेले गुराखी. ही माणसं वाट चुकत नाहीत. ती परतली नाहीत तर ऊन, साप, पडझड किंवा वाघ-अस्वल यांचाच विचार आधी करायचा. गावातल्या त्यांच्या सोबत्याला त्यांची नेहमीची वाट ठाऊक असते. त्याच्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

६. नकाशा आणि नोंद

घराजवळ एक टेबल मांडा. झाडाखाली, मंडपात, कुठेही. त्यावर भागाचा छापलेला नकाशा, दोन रंगांचे पेन आणि एक वही. वहीवाला माणूस जागचा हलणार नाही. जाणारी प्रत्येक तुकडी त्याच्याकडे नावं, फोन, निघायची वेळ आणि भाग लिहून जाईल, आणि परत आल्यावर त्याच्याकडेच सांगेल.

भाग डोळ्यांना दिसणाऱ्या हद्दींनी पाडा: रस्ता, नाला, रेल्वे रूळ, कालवा. "सोनेगावकडचा एरिया" हे काम दिलेलं नाही. "तलावाच्या पाळीपासून डांबरी रस्त्यापर्यंत, मधला नाला धरून" हे काम. प्रत्येकाने मोबाइलमध्ये आपला माग नोंदवणारं ॲप चालू ठेवावं आणि निघण्याआधी नकाशा ऑफलाइन उतरवून घ्यावा. पेंचच्या बाजूला, रामटेकच्या पलीकडे, नेटवर्क जातं.

परतल्यावर "काही नाही" एवढंच सांगून चहाकडे वळू नका. किती दाट झाडी होती, कुठे शिरता आलं नाही, कुठलं घर बंद होतं, कुठे अंधार पडला, हे सांगा. एका तुकडीला झुडपी रानात माणूस दिसायची शक्यता निम्मी असेल, तर दुसऱ्या ताज्या तुकडीने तोच भाग पाहिल्यावर ती साधारण पाऊणपट होते. त्यामुळे एकदा पाहिलेल्या भागावर काट मारून मोकळं व्हायचं नसतं. आधी जवळचा भाग दुसऱ्यांदा पाहायचा, मग लांबचा पहिल्यांदा.

दुचाकीवरून होते ती गस्त. कालव्याच्या कडेने जायला ती चांगली, चालवणाऱ्याने रस्ता पाहावा आणि मागच्याने शेत. पण झुडपातला माणूस गाडीवरून दिसत नाही.

७. रांग धरून चालताना

अंतर किती ठेवायचं, याचं उत्तर प्रत्येक जागी वेगळं. ते काढायची रीत सोपी आहे. हरवलेल्या व्यक्तीच्या कपड्यांच्या रंगाची एक पिशवी किंवा शर्ट जमिनीवर ठेवा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पावलं मोजत मागे जा. हेच तीन-चार दिशांनी करा आणि सरासरी काढा. समजा बारा पावलं आली. मग दोघांमध्ये चोवीस पावलांचं अंतर पुरे. मोकळ्या पडीत जमिनीत हे अंतर बरंच वाढतं. पण नोव्हेंबरातल्या डोक्यापेक्षा उंच तुरीत ते चार-सहा पावलांवर येतं. पऱ्हाटीतही वाकून ओळींच्या मधून पाहावं लागतं, उभ्याने वरून काही दिसत नाही.

दर पाच-सात पावलांनी मागे वळून पाहा, एकदा खाली आणि एकदा वर. पुढून झुडूप दिसतं आणि मागून त्यात बसलेला माणूस. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकदम शिट्टी वाजवायची, मग मिनिटभर चिडीचूप. मोबाइल, गप्पा, गाड्या, सगळं बंद. कण्हण्याचा आवाज त्या एका मिनिटात येतो.

चप्पल, चष्मा, औषधाचं पाकीट असं काही सापडलं तर हात लावू नका. जागेवर थांबा, आधी दुरून आणि मग जवळून फोटो घ्या, जवळच्या फांदीला रिबन बांधा, वहीवाल्याला ठिकाण पाठवा. पायाचा ठसा असेल तर त्यावर टोपली किंवा पुठ्ठा झाका आणि रांग तिथेच थांबवा. तपास अंमलदार सांगेपर्यंत पुढे जायचं नाही. मृतदेह दिसला तरी हेच. जवळ जाऊ नका, झाकू नका, फोटो फिरवू नका, आणि घरच्यांना पोलिसांआधी आपण सांगू नका.

८. आपल्या भागातले जीवघेणे धोके

कुंपणातला करंट. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही शेतकरी रात्री तारेत वीज सोडतात. हे बेकायदा आहे, तरी चालतं, आणि दरवर्षी माणसं मरतात. त्यामुळे अंधार पडल्यावर कुठल्याही शेताची तार ओलांडायची नाही, तिला काठीनेही टेकायचं नाही. आधी शेतमालकाला गाठा, पोलीस पाटलाला मध्ये घ्या, आणि लाइन बंद केली हे त्याच्या तोंडून ऐका. "तार चालू आहे का?" असं विचारलं तर तो घाबरून नाही म्हणेल. "माणूस हरवलाय, आम्ही सगळ्या धुऱ्यांवरून जाणार आहोत, रात्रभर सगळं बंद ठेवा" असं सांगितलं की तो बंद करतो.

कठडा नसलेल्या विहिरी. गवतात त्या दिसत नाहीत. काठी पुढे टेकवत चाला आणि दिसलेली प्रत्येक विहीर नकाशावर टिपा. डोकावताना पोटावर झोपा, मागून कुणीतरी पाय धरावेत.

ऊन. एप्रिल-मेत पारा ४५ च्या पुढे जातो. नवतपात तर सकाळी दहानंतर तुकडी अर्ध्या तासावर सावलीत यायलाच हवी. हरवलेल्या वृद्धासाठीही वेळ तेवढाच तुटपुंजा आहे, म्हणून सावलीच्या जागा आधी: पूल, बसथांबे, आंब्याची झाडं, संत्र्याच्या बागा, रिकामे गोठे.

पाणी. आपल्यातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरायचं नाही. १०१ लावा. नाग नदी एरवी नाल्यासारखी दिसते, पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा तिने घरंच्या घरं पाण्यात घेतली होती. पावसाळ्यात नाल्याच्या भिंतीवरून खाली उतरून शोध घेणं बंद म्हणजे बंद.

जंगल. पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर आणि त्यांच्या आजूबाजूचं रान, तसंच शहराला लागून असलेलं गोरेवाडा, इथे परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हाही आहे आणि वेडेपणाही. १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवा. वनरक्षक सोबत आला तरच जा, घोळक्याने जा, उजेड असेपर्यंतच थांबा.

ड्रोन असलेला एखादा मित्र नेहमी पुढे येतो. सोनेगावचं विमानतळ आणि वायुसेनानगरामुळे शहराच्या मोठ्या भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. पोलिसांना विचारून घ्या.

प्रत्येकाजवळ हवं ते: पायघोळ पँट, घोटा झाकणारे बूट, काठी, शिट्टी, डोक्याला बांधायची टॉर्च आणि एक जादा टॉर्च, तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, डोक्याला दुपट्टा, पॉवर बँक, चमकणारं जॅकेट, स्वतःचं ओळखपत्र. तुकडीत एक प्रथमोपचार पेटी आणि एक चादर.

९. फोटो फिरवताना

संदेश एकच तयार करा आणि सगळ्यांनी तोच फिरवा. त्यात फोटो, वय, कपडे, शेवटचं ठिकाण, तारीख-वेळ आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक. तारीख विसरलात तर तो संदेश तीन वर्षांनीही फिरत राहील. घरच्यांचा खासगी नंबर टाकू नका. "तुमचे बाबा आमच्याकडे आहेत, आधी पाच हजार पाठवा" असे फोन हमखास येतात, आणि रात्री दोन वाजता हताश मुलगा पैसे पाठवतोही. असा फोन आला तर थेट पोलिसांना द्या. एखादी खूण, जसं की हातावरचं गोंदण, मुद्दाम संदेशात लिहू नका. खरं कोण बोलतंय ते त्यावरून पारखता येतं.

१०. दिवस लोटले तर

मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांचे अपघात विभाग, प्रादेशिक मनोरुग्णालय, महापालिकेची निवारागृहं, आजूबाजूच्या जिल्ह्यांची रुग्णालयं पुन्हा-पुन्हा विचारावी लागतात, तीही पोलिसांमार्फत. "अनोळखी" म्हणून दाखल झालेल्या रुग्णाची नोंद आज नसते आणि उद्या असते. बेपत्ता मूल चार महिन्यांत सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करी विरोधी पथकाकडे जायला हवं, ते गेलं का हे घरच्यांनी विचारावं. आश्रमात वाढलेल्या मुलाचं आधार काढायला गेल्यावर बोटांच्या ठशांवरून जुना आधार आणि घरचा पत्ता निघाल्याचं आपल्या नागपुरात घडलेलं आहे. फाइल बंद होऊ देऊ नका.

ज्यांना हे काम पुढेही करायचंय त्यांनी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आपदा मित्र प्रशिक्षणाची चौकशी करावी. त्यात प्रथमोपचार, पूर आणि बचाव यांचं पायाभूत शिक्षण मिळतं. पुढच्या वेळी पोलीस ठाण्यात गेल्यावर तुम्ही गल्लीतला एक पोरगा म्हणून उभे नसता.

११. सापडल्यावर

आनंदाने उचलून गाडीत घालू नका. बसवा, सावली करा, शुद्धीत असेल तर घोट-घोट पाणी द्या. अंग भाजत असेल आणि बोलणं असंबद्ध असेल तर तो उष्माघात समजा: कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, १०८ लावा. पडलेला असेल तर हलवू नका. व्हिडिओ काढू नका.

मग वहीवाला प्रत्येक तुकडीला फोन करतो आणि यादीतला शेवटचा स्वयंसेवक रस्त्यावर आल्याची खूण झाल्यावरच टेबल उचलतो. पोलिसांकडे मिसिंगची नोंद बंद करायला घरच्यांना त्या व्यक्तीसह जावं लागतं. फिरवलेला प्रत्येक फोटो काढून टाका, मुलाचा असेल तर त्याच दिवशी.

विस्मरणाचा रुग्ण एकदा बाहेर पडला की पुन्हा बाहेर पडतो. म्हणून निघताना घरच्यांसोबत अर्धा तास बसा. बनियनच्या आत आणि सदऱ्याच्या कॉलरखाली फोन नंबर शिवून घ्यायला सांगा. दाराला वरच्या बाजूला, नजरेच्या वर, दुसरी कडी. महिन्याला एक ताजा फोटो, आणि कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याकडे घरचा नंबर लिहून ठेवलेली चिठ्ठी.